समुद्राला सांडवा

दुधरामनं रंगवलेल्या यमुनेला सांडवा होता.

आमच्या भागात हे वाक्य कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, "असनारच. नाईतर फुटंल ना बाप्पा." बाहेरच्या वाचकांसाठी मात्र थोडं विस्कटून सांगायला हवं. तलाव भरला की जास्तीचं पाणी निघून जायला पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, एका टोकाला वाट ठेवतात, तो सांडवा. दुधराम जातीचा कोहळी, आणि कोहळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेली माणसं. कोहळ्याला जेवायला वाढून पाहा. तो आधी भाताची पाळ घालतो, मग तीत वरण घेतो आणि भाताच्या एका कोपऱ्यात बोटानं हळूच वाट करून ठेवतो. वरण पुन्हा वाढायला आलं तर पंचाईत नको.

दुधराम मात्र तलाव बांधत नसे. तो नाटकांचे पडदे रंगवी. राजवाडा, जंगल, रस्ता आणि नदीकाठ. त्या काळचं सगळं जग या चार पडद्यांत बसत असे, आणि यांतल्या नदीकाठाला सांडवा असेच. त्याचा हात तिथं आपोआप जाई. वसुदेव डोक्यावर टोपली घेऊन पुरातून निघाला की मागं काळ्या दगडांचा सांडवा दिसे आणि बघणाऱ्यांच्या जिवाला बरं वाटे. पूर कितीही येवो, देवानं सोय केलेली आहे.

दुधरामचं गाव सडक अर्जुनीपासून दोन कोसांवर. तेव्हा तो सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडे. घरात दोघे भाऊ. थोरला शालीकराम हा तलावाचा माणूस. तो रानात पोटावर आडवा होई, एक गाल जमिनीला लावी, एक डोळा मिटे आणि पाणी कुठून येऊन कुठं जाईल ते सांगे. साहेबाच्या दुर्बिणीनं जे दिसायला तीन दिवस लागत, ते त्याला गालाला माती लागेपर्यंत दिसलेलं असे. एवढा पाण्याचा माणूस, पण त्याला पोहता येत नव्हतं. कमरेच्या वर पाणी चढलं की हा काठावर. गाव चिडवी, "काय गा शालीक, कोहळ्याचं पोर आन पान्याले भेते?" त्यावर तो गंभीरपणे म्हणे, "पानी बांधाचं असते. त्यात पडाचं नसते."

धाकट्या दुधरामलाही एकदा पाट आखायला दिला होता. त्यानं तो फार सुरेख आखला. नागमोडी, दोन्ही बाजूंना गवत, बघत राहावं असा. पाणी सोडलं तेव्हा ते थोडं पुढं गेलं, थांबलं, आणि वळून दुधरामच्याच पायाशी आलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी त्याला गोंदियाला रेल्वेत रंगाऱ्याच्या हाताखाली पाठवलं.

तिथं छोटेलाल नावाचे मिस्त्री होते. स्टेशनांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दुधराम त्यांच्याकडे सफेदा घोटायला शिकला, जवसाच्या तेलात रंग कालवायला शिकला, पिवळ्यावर काळं अक्षर न थरथरता काढायला शिकला, आणि त्याच हातानं सुट्टीत नाटकांचे पडदे रंगवू लागला. छोटेलाल त्याला "कोहळी" म्हणूनच हाक मारीत, आणि तो पाण्याचा डबा भरून आणायला गेला की मागून ओरडत, "तालाब मत बाँधना वहाँ, जल्दी आना!"

सन सतरा साली लढाईचं सरकारी माणूस गावात आलं. अरबांच्या मुलखात बसऱ्याकडे पुराचं पाणी येतं, तिकडं पाळी बांधायला माणसं पाहिजेत. बंदूक धरायची नाही, फक्त फावडं. शालीकराम तयार झाला. लोभ पगाराचा नव्हता, त्याला परमुलखातलं पाणी बघायचं होतं. बायकोला, शांतीबाईला, म्हणाला, "सरकारले पाळ घालून देतो आन येतो. एका हंगामाचं काम." आणि गेला.

वर्षाच्या आत कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला. जहाजावर तापानं वारला, प्रेत रिवाजाप्रमाणे समुद्रात सोडण्यात आलं.

म्हातारी आई, अनुसयाबाई, छाती पिटून रडली. शांतीबाई रडली नाही. तिनं मास्तरांना विचारलं, "कोन्या गावचा समुद्र?"

मास्तर म्हणाले, "समुद्राला गाव नसतं बाई. नुसतं पाणी. चहूकडे."

"पलीकडची पाळ?"

"दिसत नाही."

शांतीबाई तलाव बांधणाऱ्यांच्या घरात जन्मली, तलाव बांधणाऱ्यांच्या घरात आली. पलीकडची पाळ दिसत नाही असं पाणी तिनं पाहिलं नव्हतं आणि तिच्या मते ते असूच शकत नव्हतं. त्यातच गावातल्या कुणीतरी कुजबुज केली की शालीकराम आसामच्या चहाच्या मळ्यात दिसला, बाईसोबत. बाई मात्र तिला चटकन पटली. समुद्रापेक्षा बाई जास्त शक्यतेतली गोष्ट होती.

तेव्हापासून एकोणीस वर्षं शांतीबाईनं कुंकू लावलं, बांगड्या भरल्या आणि नवऱ्यावरचा राग एखाद्या विस्तवासारखा राखेखाली जपला. पितृपक्ष आला की घरात दरवर्षी तोच कज्जा. सर्वपित्रीला अनुसयाबाई म्हणे, "शालीकचं पान वाढ व." शांतीबाई म्हणे, "जित्या मानसाले पान नाई वाढत. आला की मी त्याले वाढतोच, चांगलं वाढतो." आणि खरकटी भांडी अशी आदळी की कावळेसुद्धा त्या घराच्या छपरावर बसायला बिचकत.

दुधराम या दोघींच्या मधे. वैनी या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या पाटीवरचं पहिलं चित्र, एक कोंबडा, तिनंच ओळखलं होतं. बाकीच्यांना ते बैलगाडी वाटलं होतं. अशा माणसाशी कोण भांडेल?

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात आई खाटेला लागली. दुधराम गोंदियाहून आला तेव्हा ती म्हणाली, "यंदा शालीकचं पान वाढाले सांग तिले. मी गेल्यावर त्याची आठवन कोन काढंल? तो तिथं उपाशी आहे गा."

आईचा घास अडकला होता एका सुनेच्या हट्टात, आणि सुनेचा हट्ट अडकला होता न पाहिलेल्या पाण्यात. दुधरामनं हे बरोबर ओळखलं होतं. पण समुद्र त्यानं तरी कुठं पाहिला होता?

त्याच महिन्यात रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात खिडक्या रंगवायचं काम निघालं. बदलून गेलेला एक साहेब तिथं भिंतीवर एक तैलचित्र सोडून गेला होता. माणूसभर रुंदीचं. दुधराम ब्रश घेऊन आत शिरला आणि थबकला.

बंदर होतं. दिवेलागणीची वेळ. डाव्या हाताला धक्क्याचे दगड, नुकतेच भिजलेले, आणि त्यांच्या ओलाव्यात आभाळाचा तांबूसपणा सांडलेला. एक मोठं जहाज, त्याच्या धुराड्यातून निघालेला धूर हवेत विरघळायच्या बेतात. चार-दोन डोंगे. पाठमोरा एक माणूस दोराचं वेटोळं घालत होता, आणि त्याच्या पाठीवरून कळत होतं की दिवसभराचं काम आता संपलं आहे. आणि त्याच्या पलीकडे पाणी. पाणी, मग आणखी पाणी, मग ते कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं याचा पत्ता नाही.

पलीकडची पाळ नव्हती.

दुधराम पुढं कधी याबद्दल बोले तेव्हा म्हणे, "मले भेव वाटलं गा. घरात उभा, कोरडा, आन भेव वाटलं." आयुष्यभर त्यानं पडद्यांवर पाणी रंगवलं होतं, ते निळं असे, त्याच्यावर पांढऱ्या रेघा असत, आणि ते पाणी आहे हे सूत्रधार सांगे. हे पाणी न सांगता पाणी होतं.

त्यानं त्या भिंतीतली एक खिडकी चार दिवस रंगवली. चौथ्या दिवशी छोटेलाल आत आले.

"क्यों रे कोहळी, एक खिड़की पे चार हाथ? शादी है क्या उसकी?"

"उस्ताद, इतना पानी सच में रहता?"

छोटेलाल तरुणपणी कलकत्त्याला होते. ते चित्राच्या अगदी जवळ गेले. "इससे जादा. ये तो खाली दरवाजा है. अंदर जाओ तो दिन-दिन भर कुछ नहीं दिखता."

"कुछ बी नहीं?"

"कुछ नहीं. आदमी को अपना गाँव झूठ लगने लगता है."

दुधरामनं त्या दिवशी ठरवलं. वैनीला समुद्र दाखवायचा. शिरस्ता मोडून, हातचं काही न घालता, जसा आहे तसा.

रजा टाकून तो ज्येष्ठात गावी आला. कोष्ट्याकडून जाड कापड आणलं, चौकटीवर ताणलं, त्याला तांदळाच्या पेजेची खळ दिली. सफेदा आणि निळा छोटेलालनी दिला; तांबडं गेरूचं, काळं कंदिलाच्या काजळीचं, आणि तेल घरच्या जवसाचं. पावसाळ्यात जवसाचं तेल वाळता वाळत नाही. आज काढलेलं आभाळ आठ दिवसांनीही बोटाला लागे. ते चित्र मी पुढं पाहिलं आहे. त्याच्या आभाळात तीन पाखरं आहेत. दोन दुधरामनं काढलेली. तिसरा डास आहे. आला, चिकटला, आणि दुधरामनं त्याला तसाच राहू दिला. लांबून तोच सगळ्यांत चांगला उडतो.

डोळे मिटून साहेबाचं चित्र आठवायचं आणि डोळे उघडून रंगवायचं, असे दोन महिने गेले. पाठमोरा माणूसही आला. फक्त साहेबाच्या चित्रात त्याच्या डोक्यावर टोपी होती, इथं मुंडासं होतं, आणि दोराऐवजी हातात फावडं.

सांडवा मात्र त्यानं घातला नाही. हात दोन-तीनदा त्या कोपऱ्यात गेला. त्यानं तो मागं ओढला.

श्रावणातल्या एका उघाडीला त्यानं चित्र अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. वैनी तांदूळ पाखडत होती. सूप हातात तसंच धरून ती आली.

"हे काय होय गा?"

"समुद्र."

तिनं डावीकडून उजवीकडं पाहिलं, मग उजवीकडून डावीकडं. सासरा जिवंत असताना नव्या तलावाची पाहणी करी, अगदी तशी.

"पाळ कुठी आहे?"

"समुद्राले पाळ नसते वैनी."

"मंग पानी थांबते कायच्यानं?"

दुधरामला हे माहीत नव्हतं. तसं बघायला गेलं तर हे नेमकं कुणाला माहीत आहे? "आपोआप थांबते," तो म्हणाला.

"आन सांडवा?"

"नाई."

"सांडवा बी नाई!" तिनं सूप खाली ठेवलं. "कोनं बांधलं हे? एवढं पानी, आन निघाले वाट नाई? एका पावसात फुटंल. मले येडी समजून राहिला का गा तू? तू नाई त्या भावाचा भाऊ? अशा पान्याजवळ तुया भावानं पाय तरी ठेवला असता का?"

"वैनी, खरंच असं असते. साहेबानं काढलेलं आहे."

"साहेबाले काय समजते पान्यातलं?" ती म्हणाली, आणि सूप उचलून निघून गेली. आतून, खाटेवरून, आईनं विचारलं, "पटलं का गा तिले?"

दुधराम चित्र तसंच ठेवून गोंदियाला परतला. छोटेलालना सगळं सांगितलं. ते खो खो हसले. "तो डाल दे एक नाली! रोज तो डालता है."

"वो नाटक था उस्ताद. ये सच्चा है."

"किसके लिए बनाया?"

"वैनीसाठी."

"तो फिर साहब से क्यों पूछता है?"

गोंदियाच्या माणसाला वाद घालायचा असला की तो हिंदीत घालतो, आणि जिंकतोही. पण दुधरामची अडचण छोटेलालना वाटली तेवढी सोपी नव्हती. आजवर सांडवा हातातून आपोआप उतरत होता. त्यात खोटेपणा नव्हता, सवय होती. आता तो समजून उमजून घालायचा होता. समुद्राला सांडवा नसतो हे कळल्यानंतर. आणि ज्या एका बाईनं त्याचा कोंबडा ओळखला होता तिच्यापुढं. आठ दिवस तो स्टेशनांच्या पाट्या रंगवत होता आणि मनाशी बोलत होता. मुंडासं घातलं तेव्हा कुठं साहेबाला विचारलं होतं? फावडं घातलं तेव्हा? आपल्या माणसाला उभं राहायला जागा नसेल, तर ते चित्र खरं असून कुणाच्या कामाचं?

भाद्रपदात तो पुन्हा गावी आला आणि धक्क्याच्या उजव्या कोपऱ्यात सांडवा रंगवायला बसला. घरच्या तलावाचा सांडवा. तेच काळे दगड, तिसरा दगड थोडा खचलेला, त्यावरून पातळ पदरासारखं घसरणारं पाणी, आणि त्या पदराच्या काठावर दिवसाचा शेवटचा उजेड. अख्ख्या चित्रात तेवढीच जागा त्यानं जन्मभर डोळ्यांनी पाहिलेली होती. तेवढीच सगळ्यांत खरी उतरली.

या वेळी त्यानं वैनीला बोलावलं नाही. तीच आली. जवळ बसली. आणि सांडव्याच्या दगडावर बोट ठेवलं. रंग ओला होता. बोटाचा ठसा उमटला. तो अजून आहे.

"हा तिसरा दगड खचलेला आहे," ती म्हणाली.

"हो."

"मंग आता बरं आहे." ती बराच वेळ बघत राहिली. आता सांडव्यावरची नजर सरकून मोकळ्या पाण्यावर गेली होती. "यात पानी येते कुठून?"

हे मात्र दुधरामला माहीत होतं. "सगळ्या नद्यांचं. आपलं बी. आपल्या सांडव्याचं पानी नाल्याले लागते, नाला चुलबंदले, चुलबंद वैनगंगेले, वैनगंगा समोर मोठ्या नदीत. आन ती यात."

"आपल्या तलावाचं पानी इथं जाते?"

"जाते."

"किती दिवसांनं?"

"ते कोनाले ठावं. पन जाते."

"आन जहाजावरून पलीकडची पाळ..."

"दिसत नाई वैनी. दिवसभर नाई दिसत. आपलं गाव खोटं वाटाले लागते म्हनतेत."

पाठमोऱ्या माणसाच्या मुंडाशाकडं तिचं लक्ष गेलं असावं. तिनं पदरानं बोटाचा रंग पुसला, पुन्हा पुसला, निघालेला असूनही पुसत राहिली.

"त्याले पोहता येत नोहतं गा," ती म्हणाली. आणि एकोणीस वर्षांचा राग कुठं ठेवावा हे न कळल्यासारखी इकडं तिकडं बघायला लागली.

मग उठून आत गेली. खाटेशी उभी राहून सासूला म्हणाली, "अमावस्या कवा आहे?"

दुधराम पुढं दहा-अकरा वर्षं पडदे रंगवत होता. यमुनेला सांडवा तो आधीसारखाच काढी, पण आता जरा थांबून, बेतानं. समुद्र मात्र पुन्हा काढला नाही. एकदा क्लबातल्या एका शिकलेल्या बाबूनं गावी घरी येऊन ते चित्र पाहिलं आणि पोट धरून हसला, "अरे, बंदराला सांडवा?" दुधराम म्हणाला, "घरचं आहे जी," आणि त्याला चहा पाजला. मीही एकदा त्याला म्हटलं होतं, आता गाडीनं मुंबईला जाऊन खरा समुद्र बघून ये. त्यानं ब्रश पुसला, विचार केला आणि म्हणाला, "कायले? जाऊन पाहिलं आन सांडवा नसला तर?"

पण त्या अमावस्येचं सांगायचं राहिलं.

सर्वपित्रीला शांतीबाई पहाटे उठली. वडे तळले, कढी केली, खीर केली, तलावाच्या पाळीवरच्या वेलाचा भोपळा चिरला. सगळ्या पितरांची पानं वाढली आणि शेवटी एक पान वेगळं. त्यावर भात वाढताना तिनं भाताची पाळ घातली, कढी ओतली, आणि कोपऱ्यात बोटानं वाट करून ठेवली. अनुसयाबाईला उचलून पडवीत बसवलं होतं. ती नुसती बघत होती. कावळा त्या वर्षी फार वाट न बघता आला. भांडी शांत होती म्हणून आला असेल.

दुपारी शांतीबाईनं पळसाच्या पानांचा दोना टाचला. त्यात भाताची मूद, एक वडा, वर तीळ. आणि दुधरामला घेऊन ती तलावाच्या सांडव्यावर गेली. पाऊस चांगला झाला होता. तिन्ही दगडांवरून पाणी वाहत होतं. तिनं दोना पाण्यात सोडला. तो दोन हात गेला आणि खचलेल्या तिसऱ्या दगडाला टेकून थांबला.

दुधराम धोतर खोचून पाण्यात उतरायला लागला. वैनीनं त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "पान्यात उतराच्या आधी तो असाच उभा राहे."

दोघं थांबली. दोना दगडाशी डुलत होता, जावं की न जावं असा. शांतीबाई त्याच्याकडं बघून जरा दटावणीच्या आवाजात म्हणाली, "जाय आता. भेऊ नोको. मी आहो ना इथं."

मागून पाण्याचा एक लोट आला. दोना फिरला, दगडाच्या कडेवर क्षणभर तोलला, आणि खाली उतरून नाल्याला लागला.